शिकाऊ हाताची सुई

दक्षिण बेंगळुरूतील जे. पी. नगर म्हणजे जयप्रकाश नारायण नगर. टप्प्याटप्प्याने वाढलेल्या या वस्तीच्या भागांना आजही ‘फेज’ म्हणूनच ओळखले जाते. अशा वस्तीतील एखाद्या घरात पंचाहत्तरीची वृद्धा न्हाणीघरात घसरून पडते, खुब्याचे हाड मोडते आणि रुग्णवाहिका तिला जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आणते. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होणार असते. वेदना मात्र आताची असते. क्ष-किरण चित्रासाठी पाय सरळ करायचा म्हटले, तरी ती किंचाळते.

मॉर्फीनसारखी औषधे ही वेदना कमी करतात. पण उतारवयात त्यांच्यामुळे श्वास मंदावतो, मळमळते, कधी भान हरपते. दुसरा मार्ग आहे तो नर्व्ह ब्लॉकचा. ज्या मज्जातंतूंतून वेदनेचा संदेश मेंदूकडे जातो, त्यांच्याभोवती बधिर करणारे औषध सोडायचे. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत हे काम काही मिनिटांत होऊ शकते. रुग्ण जागा राहतो, बोलतो आणि वेदना मात्र ओसरते.

प्रश्न एवढाच की त्या रात्री कामावर असलेल्या तरुण डॉक्टरने असा ब्लॉक याआधी किती वेळा दिला आहे? एकदाही नसेल, तर पहिला ब्लॉक कोणाच्या अंगावर द्यायचा? नर्व्ह ब्लॉकचा सुमारे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो: शिकणाऱ्याची चूक कोणी सोसायची?

स्वतःच्या अंगावरचे प्रयोग

पहिल्या पिढीने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या शरीराने दिले. १८८४ मध्ये व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनचे द्रावण आधी प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घातले. टाचणीने बुबुळाला स्पर्श केला, तरी काही जाणवले नाही. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या सभेत हा शोध मांडला गेला, तेव्हा कोलर तेथे नव्हते. प्रवासखर्च परवडत नसल्याने त्यांचा निबंध दुसऱ्याने वाचला. एखाद्या भागापुरती भूल देता येते, हे वैद्यकाला त्या दिवशी कळले.

पुढच्या काही महिन्यांत न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सक विल्यम हॅल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेन थेट मज्जातंतूंजवळ टोचून पाहिले. नर्व्ह ब्लॉकची सुरुवात ती हीच. प्रयोग ते एकमेकांवर आणि स्वतःवर करीत. कोकेनचे व्यसन म्हणजे काय, याची तेव्हा कोणालाच नीट कल्पना नव्हती. हॅल्स्टेड त्या व्यसनात अडकले. उपचारादाखल दिलेल्या मॉर्फीनचीही सवय लागली. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये आधुनिक शल्यशास्त्राच्या शिल्पकारांपैकी एक म्हणून त्यांचे नाव झाले. व्यसनाची सावली मात्र आयुष्यभर राहिली.

१८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी पाठीच्या कण्यातून भूल देण्याची पद्धत आजमावली, तीही स्वतःवर आणि आपला सहायक हिल्डेब्रांट याच्यावर. भूल चढली की नाही हे तपासण्यासाठी सहायकाच्या नडगीवर लोखंडी हातोडीने घाव घातले, पेटत्या सिगारचा चटका दिला. त्याला काही जाणवले नाही. भूल उतरल्यावर नडग्या दुखल्या आणि दोघांनाही तीव्र डोकेदुखीने ग्रासले. १९११ मध्ये डिट्रिश कुलेनकाम्फ यांनी गळपट्टीच्या हाडावरून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यापर्यंत सुई नेण्याची पद्धत वर्णन केली; पहिला प्रयोग त्यांनी स्वतःवर केला होता.

हे धाडस आदरास पात्र आहे, पण ती शिकवण्याची पद्धत होऊ शकत नव्हती. शेकडो विद्यार्थ्यांनी स्वतःला सुया टोचून शिकावे, असे कोणतेही वैद्यकीय महाविद्यालय म्हणू शकत नाही. तंत्र रूढ झाले तसा शिकण्याचा भार हळूहळू रुग्णाकडे सरकला.

अंधारातील सुई

विसाव्या शतकाचा बराच काळ नर्व्ह ब्लॉक म्हणजे अंधारातील चाचपणी होती. हाडांचे उंचवटे, धमनीचे ठोके, स्नायूंच्या कडा यांच्या खुणा बोटांनी शोधायच्या आणि अंदाजाने सुई घालायची. सुई मज्जातंतूला लागली की रुग्णाच्या हातात विजेसारखी झिणझिणी जाई. ती झिणझिणी हीच योग्य जागेची खूण मानली जाई. म्हणजे मज्जातंतूला धक्का लागणे ही चूक नव्हती, तीच पद्धत होती. पुढे सौम्य विद्युत्प्रवाह सोडून स्नायूची हालचाल पाहण्याची युक्ती आली. १९६२ नंतर त्यासाठी हातात धरण्याजोगी उपकरणे मिळू लागली, तरी सुईचे टोक अदृश्यच राहिले.

अंधाराची किंमत दोन प्रकारे मोजावी लागे. गळ्याजवळच्या ब्लॉकमध्ये सुई खोल गेली, तर फुप्फुसाचे आवरण फाटून छातीच्या पोकळीत हवा शिरे. दुसरा धोका औषधाचाच. ते रक्तवाहिनीत गेले, तर ओठांभोवती मुंग्या, कानांत गुणगुण, मग झटके आणि शेवटी हृदय बंद पडणे, अशी घसरण होऊ शकते. १९७९ मध्ये अमेरिकी भूलतज्ज्ञ जॉर्ज ऑल्ब्राइट यांनी बुपिव्हाकेनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांमुळे हृदय अचानक थांबल्याच्या घटनांकडे लक्ष वेधले. या विषबाधेवर चरबीयुक्त द्रावण शिरेतून देण्याचा उपाय १९९८ मध्ये गाय वाइनबर्ग यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांत दाखवला. माणसाचे प्राण अशा रीतीने वाचल्याची पहिली नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

पडद्यावर उजेड

१९७८ मध्ये ला ग्रांज आणि सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या डॉप्लर तंत्राने गळ्याजवळची धमनी शोधून ६१ रुग्णांना ब्लॉक दिला. मज्जातंतू त्यांना दिसत नव्हते. शेजारची धमनी ऐकू येत होती. १९९४ मध्ये व्हिएन्नातील स्टेफान काप्राल आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष सोनोग्राफीच्या चित्रावर पाहत हाच ब्लॉक देऊन दाखवला. ज्या शहरात कोलर यांनी डोळ्यात द्रावण घातले, त्याच शहरात एकशे दहा वर्षांनी सुईला डोळे मिळाले.

मात्र यंत्र अजून कपाटाएवढे होते. अमेरिकी संरक्षण खात्याने रणभूमीवर नेता येईल अशा सोनोग्राफी यंत्रासाठी पैसा पुरवला आणि १९९९ मध्ये हातात उचलता येईल असे यंत्र बाजारात आले. त्यानंतर सोनोग्राफी क्ष-किरण विभागाच्या दालनातून रुग्णाच्या खाटेपाशी आली, आणि नर्व्ह ब्लॉक शस्त्रक्रियागृहातून आपत्कालीन विभागाकडे निघाला.

खुब्याच्या हाडासाठी उपयोगी पडणारा ‘फॅसिया इलियाका’ ब्लॉक १९८९ मध्ये फ्रान्समधील बर्नार डालान्स यांनी लहान मुलांसाठी वर्णिला होता. जांघेत एका पातळ पण चिवट पडद्याखाली औषध सोडले की ते पसरत जाऊन मांडीच्या मज्जातंतूंना गाठते. २००७ मध्ये कोपनहेगनच्या अभ्यासात खुबा मोडलेल्या ४८ रुग्णांमध्ये या ब्लॉकने मॉर्फीनच्या इंजेक्शनपेक्षा अधिक आराम दिला. पुढे आपत्कालीन डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने दिलेल्या ब्लॉकचेही अनुकूल निष्कर्ष आले. २०२१ मध्ये अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यांच्या महाविद्यालयाने हे कौशल्य त्यांच्या कार्यकक्षेतील असल्याचे जाहीर केले. थोडक्यात, भूलतज्ज्ञ येईपर्यंत वेदना सोसत राहण्याची सक्ती रुग्णावर असण्याचे कारण उरले नाही. शिकलेला हात तेवढा हवा होता.

दिसणे आणि करणे

पडद्यावर दिसू लागले म्हणजे शिकणे सोपे झाले, असा समज होणे स्वाभाविक होते. तो खरा ठरला नाही. प्रोबमधून निघणाऱ्या लहरींचा प्रतल सुमारे एक मिलिमीटर जाडीचा असतो. सुई त्यात असेपर्यंतच दिसते. हात किंचित कलला की पडद्यावरून नाहीशी होते, शरीरात मात्र पुढे जातच राहते. डावा हात प्रोब स्थिर धरतो, उजवा सुई ढकलतो आणि डोळे दोन्ही हातांऐवजी पडद्याकडे असतात. सायकल शिकण्यासारखे हे कौशल्य वाचून येत नाही.

अमेरिकेतील ब्रायन साइट्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नवशिक्यांना टर्की पक्ष्याच्या मांसात लपवलेल्या ऑलिव्ह फळापर्यंत सुई न्यायला सांगितली. मोजक्याच प्रयत्नांत वेग आणि अचूकता सुधारली. तीन वर्षांनी त्याच गटाने सहा निवासी डॉक्टरांनी रुग्णांना दिलेल्या ५२० ब्लॉकची चित्रफीत तपासली. त्यांत ३९८ चुका आढळल्या. सर्वांत अधिक दोन प्रकारच्या: सुई दिसत नसताना ती पुढे ढकलणे आणि नकळत प्रोब हलवणे. या दोन्ही चुका ज्ञानाच्या अभावामुळे होत नाहीत. हातांना सराव नसल्यामुळे होतात. आणि सरावासाठी रुग्णाचे शरीर लागत नाही.

भोपळा, कमळाचा देठ, बाहुली

हे शहाणपण नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा नववा अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. शास्त्र पाठ असूनही ज्याने हाताने सराव केला नाही, तो प्रत्यक्ष कर्मास अपात्र, अशी तेथील भूमिका आहे. छेद देणे शिकण्यासाठी कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी. भेदनासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेली कातडी पिशवी. शिवण्यासाठी जाड वस्त्र आणि मऊ कातडे. पट्टी बांधण्यासाठी माणसाच्या आकाराची बाहुली. शिरावेध, म्हणजे सुईने शीर टोचणे, शिकण्यासाठी मृत प्राण्यांच्या शिरा आणि कमळाचे देठ सांगितले आहेत. आतून पोकळ, बाहेरून मऊ आणि नेमकी दिशा चुकली की दाद न देणारा देठ! ही निवड करणाऱ्याने नवशिक्या हाताला काय जमत नाही, हे नीट पाहिलेले असणार.

अठराव्या शतकात फ्रान्सच्या मादाम द्यू कुद्रे यांनी कापड आणि कातडे वापरून प्रसूतीची प्रतिकृती घडवली. १७५९ मध्ये राजाची सनद मिळाल्यावर गावोगाव फिरून त्यांनी हजारो सुइणींना त्यावर शिकवले. १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी तयार करणारे ऑस्मुंड लेर्दाल यांनी कृत्रिम श्वासाच्या सरावासाठी ‘रेससी ॲन’ ही बाहुली बाजारात आणली. नर्व्ह ब्लॉकच्या वाट्याला आले ते जिलेटिनचे ठोकळे. १९९५ मध्ये मिशिगन विद्यापीठातील दोन तज्ज्ञांनी जिलेटिनमध्ये इसबगोल मिसळून मानवी ऊतींसारखा दिसणारा स्वस्त ठोकळा कसा करावा, हे प्रसिद्ध केले. पोट साफ होण्यासाठी घरोघरी ठेवलेली इसबगोलाची भुकटी पडद्यावर मांसपेशींचा भास निर्माण करते. त्यात बसवलेली नळी रक्तवाहिनी होते.

भारतातील पेच

भारतात आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये मान्य केली. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळेला निश्चित जागा दिली. डॉक्टर आहेत, ठोकळे आहेत. परंतु भारतातील सोनोग्राफी यंत्राला एक वेगळा इतिहास आहे आणि त्याचे पहिले पान महाराष्ट्रात लिहिले गेले.

गर्भलिंग ओळखून मुलींचे गर्भ पाडले जात असल्याचे ध्यानात आल्यावर मुंबईतील कार्यकर्त्यांच्या चळवळीतून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ च्या आरंभी लागू झाला. अंमलबजावणी ढिसाळ राहिल्याने ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या सुनावणीत न्यायालयाने कंपन्यांकडून विकलेल्या यंत्रांची माहिती मागवली. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर घसरली. कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी आणि मराठी साहित्यिक लक्ष्मीकांत देशमुख यांनी जिल्ह्यातील यंत्रांवर प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारा ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवला. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उपाय वैध ठरवला.

२०१२ च्या नियमदुरुस्तीने सहज हलवता येणाऱ्या यंत्रांवर नेमके बोट ठेवले. असे यंत्र नोंदणीकृत जागेत, तेथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येते. ज्या गुणामुळे यंत्र रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचले, तोच गुण येथे संशयास्पद ठरला. संशय निराधार नव्हता. पिशवीत घालून गावोगाव नेलेल्या यंत्रांनी काय केले, ते जनगणनेच्या आकड्यांत दिसते. मात्र मज्जातंतू पाहण्यासाठी वापरला जाणारा उच्च वारंवारतेचा सरळ प्रोब त्वचेखालच्या काही सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट पाहतो. त्याला वेगळे नियम असावेत, ही डॉक्टरांची मागणी जुनी आहे. अशी यंत्रे बेंगळुरूत तयारही होतात, पण त्याच शहरातील एका रुग्णालयाचे यंत्र प्रशिक्षणासाठी दुसऱ्या इमारतीत न्यायचे, तर आधी परवानगीचा विचार करावा लागतो.

हा पेच चांगले विरुद्ध वाईट असा नाही. जन्माला न आलेल्या मुलीचे रक्षण आणि वेदनेने तळमळणाऱ्या वृद्धेची सुटका, अशी दोन न्याय्य मागणी एकाच यंत्रापाशी येऊन थांबली आहेत. सिम्युलेशन हा पेच सोडवत नाही, पण त्याची धार कमी करते. नोंदणीकृत यंत्र जागेवरच ठेवून त्याच्याभोवती ठोकळा, शिक्षक आणि विद्यार्थी आणता येतात.

टेबलाभोवती

अशा प्रशिक्षणाची सुरुवात सुईने होत नाही. आधी सहकाऱ्याच्या जांघेवर केवळ प्रोब ठेवून धमनी, शीर, मज्जातंतू आणि तो चिवट पडदा ओळखायचा. मग ठोकळ्यात सुई घालायची. टोक दिसेनासे होताच हात थांबवायचा, ही सवय बाणेपर्यंत. त्यानंतर पाण्याचे थेंब सोडून थर कसे विलग होतात, ते पाहायचे. प्रत्येक वेळी आधी सिरिंज मागे ओढून रक्त येते का, तपासायचे.

मग येते गणित. पन्नास किलो वजनाच्या वृद्धेला किलोमागे २ मिलिग्रॅम धरून बुपिव्हाकेनची मर्यादा १०० मिलिग्रॅम. ०.२५ टक्के द्रावणात प्रत्येक मिलिलिटरमध्ये २.५ मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे ४० मिलिलिटर. पण कपाटातील बाटली ०.५ टक्क्यांची असेल आणि गडबडीत ती सौम्य न करता तेवढीच भरली, तर रुग्णाला २०० मिलिग्रॅम जातील. ही चूक ठोकळा दाखवत नाही. ती दाखवण्यासाठी शिक्षक प्रसंग रचतो: बाहुली ‘ओठांना मुंग्या येतात’ म्हणते, मग झटके सुरू होतात. कोणी औषध थांबवायचे, कोणी श्वास सांभाळायचा, २० टक्के चरबीयुक्त द्रावण कुठे ठेवले आहे? पन्नास किलोला पहिली मात्रा ७५ मिलिलिटर. सरावात द्रावण सापडायला पाच मिनिटे लागली, तर लाज वाटते. प्रत्यक्षात लागली, तर जीव जातो.

जिलेटिनला भीती वाटत नाही, हीदेखील मर्यादा आहे. ते हलत नाही, प्रश्न विचारत नाही, ‘सुई कशाला?’ म्हणत नाही. बेंगळुरूच्या आपत्कालीन विभागात रुग्ण कन्नड बोलेल, तमिळ बोलेल, कधी मराठीही. संमती त्या भाषेत मागावी लागते. ठोकळ्यावर पन्नास वेळा यशस्वी झालेल्या हातालाही पहिल्या रुग्णाजवळ अनुभवी हाताची सोबत लागते. सिम्युलेशनमुळे ही सोबत अनावश्यक होत नाही. ती वेळेआधी खर्च होत नाही, इतकेच.

कोलर यांनी चूक स्वतःच्या डोळ्यावर घेतली, हॅल्स्टेड यांनी अवघ्या आयुष्यावर. नंतरच्या अनेक दशकांत ती नाव न नोंदलेल्या रुग्णांनी सोसली. आता ती जिलेटिन आणि इसबगोलाच्या ठोकळ्याने सोसावी, अशी सोय आहे, आणि ठोकळा वितळवून पुन्हा ओतता येतो. न्हाणीघरात पडलेल्या त्या वृद्धेला या इतिहासाशी कर्तव्य नाही. तिची अपेक्षा साधी आहे: जो हात सुई घेऊन येईल, त्याने आपल्या पहिल्या चुका इतरत्र करून झालेल्या असाव्यात.